इंग्रजीची तालीम

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वर आधारलेले पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ हे नाटक १९७५ साली रंगभूमीवर आले. भाषा बदलली की माणसाची पायरी कशी बदलते, हे मराठी प्रेक्षकाने त्यात पाहिले. मूळ नाटकातील एक प्रसंग मात्र इंग्रजीच्या शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. प्राध्यापकाने उच्चार घोटून घेतलेली एलायझा प्रतिष्ठितांच्या बैठकीत येते. उच्चार निर्दोष, परंतु हवामानाविषयीची ठरीव वाक्ये संपताच ती आपल्या मावशीचा कोणी तरी काटा काढला असावा, अशी कहाणी सांगू लागते. तिला ध्वनी शिकविले गेले होते, संभाषण नव्हे.

आपल्या वर्गांतून याहून निराळे काय घडते? महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तरीही व्याकरणाचे नियम बिनचूक लिहिणारा पदवीधर, मुलाखतीत ‘स्वतःविषयी सांगा’ एवढे म्हणताच गोंधळून जातो. शिक्षकांनी बोलावे आणि विद्यार्थ्यांनी उतरवून घ्यावे, या रीतीने कान आणि हात तयार होतात. जीभ अवघडलेलीच राहते.

यावर नाट्य हा एक उपाय आहे. स्नेहसंमेलनासाठी पाठ केलेली एकांकिका येथे अभिप्रेत नाही. एक विद्यार्थी तिकीट तपासनीस होतो, दुसरा चुकीच्या डब्यात शिरलेला प्रवासी. संवाद लिहून दिलेले नाहीत. प्रवाशाला क्षमा मागावी लागते, कारण सांगावे लागते, विनंती करावी लागते. मग भूमिकांची अदलाबदल होते व तोच प्रसंग पुन्हा रंगतो. भाषेला आवश्यक असलेली पुनरावृत्ती अशी कंटाळ्यावाचून साधते. शिवाय चूक झाली तरी ती प्रवाशाची ठरते. त्या मुलाची नव्हे. मुखवट्याआड लाज लपते. नाटकाच्या सरावाला आपण ‘तालीम’ म्हणतो आणि कुस्तीच्या आखाड्यालाही. दोन्हीकडे पडण्याची मुभा असते, म्हणूनच तेथे शिकता येते.

यात अडचणी नाहीत असे नव्हे. वर्गात साठ मुले असतात, गलबला होतो, अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो; कित्येकदा शिक्षकालाच इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटतो. नाट्यामुळे शब्दसंग्रह आपोआप वाढत नाही. त्यासाठी वाचन हवेच. परंतु चौघाचौघांचे गट पाडून आठवड्यातील एक तास यासाठी राखणे अशक्य नाही.

प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. शाळेने जे दिले नाही ते बाजार विकतो. इंग्रजी संभाषणाच्या खासगी वर्गाचे शुल्क ज्याला परवडते तो पुढे जातो. ज्याला परवडत नाही तो गुणवत्ता असूनही दाराबाहेर राहतो. चार बाके बाजूला सारून मोकळी केलेली जागा शाळेला फुकट पडते. ती न देण्याची किंमत मात्र गरीब विद्यार्थी आयुष्यभर मोजतो.