दहिसरच्या गॅलरीतील अग्निशिखा

1957 साली दहिसर बृहन्मुंबईच्या हद्दीत सामील झाले आणि त्यानंतर भातखाचरांची व वाड्यांची जागा क्रमाक्रमाने इमारतींनी घेतली. तथापि बागकामाची हौस काही येथून हद्दपार झाली नाही, ती अंगणातून गॅलरीत आली आणि गॅलरीत आल्यावर परदेशी वनस्पतींच्या नादी लागली. त्याच नादात ‘ग्लोरिओसा’ या भारदस्त नावाची वेल-लिली आमच्या घरी दाखल झाली. किरमिजी पाकळ्यांना पिवळी किनार असलेला तिचा तो प्रकार आफ्रिकेतून युरोपात गेला आणि तेथे रॉथ्सचाइल्ड या धनाढ्य उमरावाचे नाव लावून मिरवू लागला. परंतु श्रावणात आमच्या शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरउतारावर, कुडाझुडपांचा आधार घेत जी कळलावी पेटल्यासारखी फुलते, तिचीच ही सगोत्र. लिनियसने 1753 मध्ये जिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ असे नाव दिले त्या एकाच जातीत आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ दोघींचीही गणना करतात. त्या डोंगराच्या पायथ्याशी राहून आम्ही तिला परदेशी पाहुणी समजत होतो, हे नवलच.

हा संबंध ध्यानी आल्यापासून कुंडीचा सारा बंदोबस्त डोंगराच्या कायद्याने चालू झाला. नांगरासारखा दुबेळक्याचा तिचा कंद अत्यंत ठिसूळ असून अंकुराचा डोळा फाट्याच्या अगदी टोकाशी असतो, आणि ते टोक एकदा मोडले की बाकीचा कंद कितीही धष्टपुष्ट असला तरी त्या फाट्याकडून आशा उरत नाही. म्हणून लाल माती, जाडी वाळू आणि जुने शेणखत यांच्या पोकळ मिश्रणात, खोल कुंडीत, तो दोन-तीन इंच खाली आडवा निजवावा लागतो. मृगाच्या सुमारास कोंब वर येतो आणि पानांच्या टोकांचीच तणावे करून वेल गॅलरीची जाळी धरते. जाड बांबू तिला धरता येत नाही. बारीक काटक्या वा सुतळी हवी. उमलताना हिरवट असलेली पाकळी पिवळी, नारिंगी आणि अखेर लालभडक होत जाते, आणि हे स्थित्यंतर एकाच वेलीवर एकाच वेळी पाहावयास मिळते. पावसाळ्यात काळ्या-पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांच्या अळ्या पाने फस्त करतात. रोज सकाळी त्या वेचून काढणे हाच निर्धोक उपाय.

सर्वांत कठीण काम मात्र काहीही न करण्याचे आहे. दिवाळीच्या आसपास वेल पिवळी पडते तेव्हा तिला पाणी घालून वाचवण्याचा मोह हौशी माणसाला आवरत नाही, आणि बहुतेक कंद त्या दयेपोटीच कुजतात. वस्तुतः जुना कंद सुकून नवा कंद तयार झालेला असतो आणि त्याला पुढील पावसापर्यंत कोरड्या मातीत विश्रांती हवी असते. आमच्याकडे कुंडी सावलीत सरकवून पाणी सक्तीने तहकूब करण्याचा शिरस्ता पडल्यापासून वेल नेमाने परत येते.

कळलावी घरात कलह लावते, अशी वडीलधाऱ्यांची समजूत. आमच्या सोसायटीतील कलह मात्र पूर्ववत गाड्यांच्या जागेवरूनच होत राहिले. खरे भय निराळे आहे. कॉल्चिसिन हे विष तिच्या सर्वांगात, विशेषतः कंदात असते. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली ती उगाच नव्हे. याच द्रव्यापासून गाउटवरील औषध होते, म्हणून तामिळनाडूत बियांसाठी तिची शेती केली जाते आणि ती त्या राज्याचे राज्यपुष्पही आहे. झिम्बाब्वेनेही तिला राष्ट्रीय फुलाचा मान दिला आहे.

तेव्हा लहान मुले वा मांजर असलेल्या घरी ही कुंडी उंच, हाताबाहेर ठेवावी आणि कंद हाताळल्यावर हात धुवावेत. ज्यांना ती हवी त्यांनी रोपवाटिकेतून कंद घ्यावा. राष्ट्रीय उद्यानातून तो उपटून आणणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.