रेनकोट दुचाकीवाल्याचा, अंगात खलाशाच्या



61 दिवसांची बंदी संपत आलीय. 1 ऑगस्टपासून बोटी पुन्हा दर्यात. जाळी सांधून झाली, इंजिनांची कामं उरकत आली. त्याआधी सोसायटीच्या सभेत एक विषय ठेवलाय : खलाशांसाठी रेनसूटची एकत्र खरेदी. विषय छोटा वाटेल, पण तो नीट समजून घ्या म्हणून हे लिहितोय.

गेल्या हंगामातही आपण 40 सेट घेतले होते. तीन कोटेशनं आली, सगळ्यात स्वस्त मंजूर झालं. सही माझीच. आज त्यातले बरेचसे इंजिन पुसायच्या चिंध्या झालेत. माल देणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. आपण मागितला तसाच त्याने दिला. आपण फक्त "रेनकोट" मागितला, काम कुठलं ते सांगितलंच नाही.

तो रेनकोट होता दुचाकीवाल्याचा. दुचाकीवर माणूस एका जागी बसतो, पाऊस समोरून येतो, तासाभरात घरी पोचतो. आपला खलाशी वाकतो, ओढतो, गुडघ्यावर बसून मासळी निवडतो. पाणी वरून पडतंच, पण जाळ्यातून, डेकवरून, खालूनही येतं. आणि हे रात्रंदिवस चालतं. पातळ नायलॉनचा कोट तिथे किती टिकणार?

घाटावर बसून खलाशांशी बोललो. तक्रारी या निघाल्या :

बाही. जाळं ओढताना हात वर गेला की पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत. इलॅस्टिक घट्ट केलं तर खाऱ्या पाण्यात मनगट घासून फोड येतात, चिघळतात. सैल सोडलं तर धोका त्याहून मोठा. आपल्याच एका पोराची बाही विंचमध्ये अडकली. तांडेलाने वेळेत विंच बंद केली, आणि कोट खांद्यापर्यंत टरकन फाटला म्हणून हात वाचला. आता विचार करा. उद्या आपण जाड, न फाटणारा कोट घेतला आणि बाही तशीच सैल ठेवली, तर? म्हणून चांगला कोट घेताना बाहीचा विचार आधी. बाहेरून आखूड, सपाट बाही आणि आत एक मऊ वेगळा कफ, हे बरं पडतं.

टोपी. टोपीच्या दोऱ्या लोंबतात, त्याही अडकतात. मान वळवली तरी टोपी वळत नाही, बाजूचं दिसत नाही. कान झाकले की तांडेलाची हाक ऐकू येत नाही. मग पोरं टोपी मागे टाकतात आणि पाणी पाठीवरून आत.

शिवण आणि चेन. कापड कितीही चांगलं असो, सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं. आतून पट्टी चिकटवलेली असते, ती धुतल्यावर सुटते. उष्णता देऊन जोडलेली शिवण जास्त टिकते. लोखंडी चेन आणि बटणं खाऱ्या हवेत गंजून बसतात. चेन प्लास्टिकची, जाड दात्यांची हवी, वर झाकणपट्टी हवी. बाहेरचे खिसे तर नकोतच. पाणी भरतं आणि जाळं अडकतं.

घाम. ही सगळ्यांची तक्रार. "बाहेरून भिजण्यापेक्षा आतून जास्त भिजतो." श्रावण-भाद्रपदातली दमट हवा, त्यात विंचवरचं काम. हवा जायला वाट नसेल तर घाम आतच राहतो, जांघेत आणि काखेत गजकर्ण होतं. घाम बाहेर सोडणारं महागडं कापड मिळतं. अमेरिकेत 1969 साली बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून बारीक छिद्रांचा पडदा बनवला, त्यातूनच ते आलं. पण बाहेरची हवाच दमट असली की ते कापड घाम फारसा सोडत नाही, आणि मीठ-तेलाने छिद्रं बुजतात. आपल्या कामाला त्यावर पैसे घालू नयेत. त्यापेक्षा गॅलिसवाली उंच पँट आणि वर वेगळं जाकीट घ्यावं. पाऊस थांबला की जाकीट काढता येतं. जाकिटाला पाठीवर झडपेखाली आणि काखेत हवेची जागा असावी.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होतं. भातलावणीचं इरलं आठवा. बांबूच्या कामट्या, पळसाची पानं. पाठ झाकलेली, हात मोकळे, समोरून वारा खेळता. वाकून काम करणाऱ्या माणसासाठीच ते बनलेलं. तिकडे नॉर्वेतही 1877 साली हेली हॅन्सन या जहाजाच्या कप्तानाने कापडाला जवसाचं तेल पाजून कोट विकायला सुरुवात केली. स्वतः भिजलेला माणूस होता तो. आपल्याला विकले जाणारे कोट मात्र दर्या न पाहिलेला माणूस बेततो.

गमबूट आणि रंग. पँट बुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचली की बूट भरलाच. पाण्यात पडलात तर लाथेसरशी निघेल इतपत सैल बूट हवा. रंग पिवळा किंवा भगवा. काळा-निळा कोट घालून रात्री दर्यात पडलेला माणूस दिसत नाही. आणि जाकिटावर लाइफ जॅकेट बसतं का, तेही घेतानाच बघायचं.

बायका. गेल्या ऑर्डरमध्ये त्यांच्यासाठी एकही नग नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. बर्फात हात घालून मासळी निवडायची, गळती पाटी डोक्यावर घ्यायची, तीही ओल्या लुगड्यात. त्यांच्या मापाचे बूट आणि लांब एप्रन या वेळी यादीत आहेत.

तर माझा प्रस्ताव असा. 40 सेट एकदम नकोत. तीन प्रकारचे नमुने घेऊ, तीन बोटींवर 15 दिवस वापरू. जे वापरतील त्यांचं ऐकूनच ऑर्डर देऊ. दर जास्त पडेल आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा जुन्यावरच काढावा लागेल, हे आधीच सांगतो. नाखवांनो, सभेला एकटे येऊ नका, आपल्या खलाशांनाही आणा. अंगात कोट त्यांच्या असतो.

आणि आहे ते जपा. बंदरावर आलात की गोड्या पाण्याने धुवा, सावलीत टांगा, घडी घालून इंजिनाशेजारी कोंबू नका. डिझेल लागून वरचा थर कडक होतो आणि घडीवर तडकतो.

तुमची तक्रार यात राहिली असेल तर खाली लिहा, नाहीतर ऑफिसात येऊन सांगा. सभेत वाचून दाखवेन.

आपला,
सचिव