फेरफारांचे दप्तर आणि सर्व्हरचा भार

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी निर्मिलेल्या ‘गिट’ या प्रणालीत प्रत्येक फेरफाराची नोंद कायम राहते. परंतु कोणी त्या समग्र दप्तराची नक्कल मागितली, की सर्व्हरला लक्षावधी नोंदी धुंडाळाव्या लागतात, आणि सदृश मजकूर शेजारी मांडून केवळ भेद टिपताना प्रत्येक समांतर थ्रेडसाठी तो मेमरीत वेगळा धरावा लागत असल्यामुळे खरी ओढाताण तेथेच होते. थ्रेड कमी केले वा तुलनेच्या व्याप्तीस मेमरीची मर्यादा घातली, तर भार उतरतो, मात्र मर्यादेमुळे पाठवायचा गठ्ठा फुगण्याचा संभव असतो. सौदा मला तरी रास्त वाटतो. २०१४ च्या २.० आवृत्तीतील बिटमॅप-सूचीने तर धुंडाळण्याचे बरेचसे कामच वाचविले. ५१२ मेगाबाइटहून मोठ्या फाइलींची तुलना, वेगळा हुकूम नसल्यास, गिट मुळातच टाळते.