गरम पाण्याची धार बारीक? पंप बदलण्याआधी हे वाचा

अमेरिकेत पंचवीस-तीस वर्षांची जुनी मोटरहोम नव्याच्या मानाने बरीच स्वस्तात मिळते. पलंग, ओटा, न्हाणीघर, सगळा संसार चाकांवर. पण पहिल्याच मुक्कामात शॉवर सोडावा, तर थंड पाणी धो धो आणि गरम पाण्याची धार करंगळीएवढी! मग सल्ले सुरू होतात. त्यातले नेहमीचे सल्ले आणि खरा प्रकार असा.

गैरसमज : पंप म्हातारा झाला, नवा बसवा.

वस्तुस्थिती : गाडीत पंप एकच असतो, १२ व्होल्टवर चालणारा. त्याच्या पुढे लाइनला दोन फाटे फुटतात. एक थेट थंड नळांना जातो, दुसरा हीटरच्या टाकीतून फिरून गरम नळांना. थंड पाणी जोरात येत असेल तर पंप निर्दोष आहे. खात्री करायची तर एक लिटरची बाटली घ्या आणि ती आधी थंड, मग गरम पाण्याने भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. दोन्ही धारा बारीक असतील तरच पंप, त्याच्या तोंडाशी असलेली जाळी आणि बॅटरी यांच्याकडे वळा.

गैरसमज : हीटर जास्त तापवला की पाणी जोरात येते.

वस्तुस्थिती : हीटर पाणी ढकलत नाही. नळ उघडला की खालून थंड पाणी टाकीत शिरते आणि वरचे गरम पाणी तेवढेच बाहेर पडते. तापल्यावर पाणी प्रसरण पावते, त्यामुळे बंद टाकीत दाब वाढतो हे खरे. पण नळ उघडताच तो ओसरतो. त्यानंतरची धार पंप आणि वाटेतला अडथळा हे दोघेच ठरवतात.

गैरसमज : नळ उघडताच पाणी उसळले, म्हणजे लाइन मोकळी आहे.

वस्तुस्थिती : उलट, ही तुंबल्याची खूण असू शकते. हे पंप साधारण ५० पीएसआयच्या आसपास दाब देतात. म्हणजे सुमारे ३५ मीटर उंचीवरच्या टाकीइतका. आपल्या इमारतीत गच्चीवरची टाकी दहा-अकरा मजले वर असावी, तसा. नळ बंद असताना हा दाब सुईच्या भोकातूनही पलीकडे पोचतो. नळ उघडला की क्षणभर पाणी उसळते आणि मग धार मरते. दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज : बायपास उघडा राहिला म्हणून धार गेली.

वस्तुस्थिती : थंडीत पाइप गोठू नयेत म्हणून लाइनमध्ये गुलाबी अँटिफ्रीझ भरतात. ते हीटरच्या टाकीत वाया जाऊ नये यासाठी हीटरला वळसा घालणारा बायपास असतो. तो नुसता उघडा राहिला तर गरम नळाला पाणी जोरातच येते, पण कोमट. धार जाते ती हीटरचा आत येणारा किंवा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिला तर. हीटरच्या मागचे सगळे व्हॉल्व्ह नीट बघा. तीन असतील तर बायपास बंद आणि बाकीचे दोन पूर्ण उघडे हवेत. पंपाच्या किमतीपुढे ही तपासणी फुकट आहे.

गैरसमज : टाकीत क्षार साचलेत, धुतली की काम झाले.

वस्तुस्थिती : क्षार टाकीच्या तळाशी बसतात आणि गरम पाणी वरून निघते. त्यामुळे टाकी सहसा तुंबत नाही. तिथून सुटलेल्या खपल्या पुढे जाऊन अडकतात. त्यांची पहिली अडकण्याची जागा म्हणजे हीटरच्या गरम तोंडावर अनेकदा बसवलेला एकदिशा व्हॉल्व्ह, ज्याला आपले प्लंबर एनआरव्ही म्हणतात. जुन्या गाड्यांत तो बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि क्षाराने त्याचे झाकण अर्ध्यात चिकटते. सगळ्याच गरम नळांची धार बारीक असेल तर आधी हाच काढून बघा. बदलायचा तर पितळेचा बसवा.

एकाच नळाला त्रास असेल तर हीटरपर्यंत जाऊच नका. त्या नळाच्या तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवा, शॉवरची भोके तपासा, सिंकखाली नळी मुडपलेली नाही ना ते बघा.

टाकी धुणे चांगलेच, पण सांभाळून. गॅस आणि वीज बंद, पंप बंद, पाणी पूर्ण थंड. मग सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून दाब सोडा आणि त्यानंतरच खालचा बूच काढा. गरम टाकीचा बूच काढला तर कढत पाणी अंगावर येते. टाकी पुन्हा भरल्याशिवाय विजेचा एलिमेंट चालू करू नका, कोरडा जळतो.

गैरसमज : कॅम्पग्राउंडच्या नळावरचा प्रेशर रेग्युलेटर काढून टाका, धार वाढेल.

वस्तुस्थिती : थंड पाणी ठीक असेल तर रेग्युलेटरचा संबंधच नाही. शिवाय १९७८ ते १९९५ च्या सुमाराच्या पुष्कळ गाड्यांत पॉलिब्युटिलीनचे राखाडी पाइप आहेत. पाण्यातल्या क्लोरीनमुळे ते आतून ठिसूळ होतात. त्यांच्यावर बाहेरचा बेलगाम दाब सोडला तर पाइप फुटून लाकडी जमीनच भिजेल. दाब ४० ते ५० पीएसआयच्या आत ठेवा.

तेव्हा क्रम असा धरा : आधी थंड नळ, मग एक नळ की सगळे, मग जाळ्या, मग हीटरमागचे व्हॉल्व्ह, मग एनआरव्ही. थंड पाणी जोरात असेल तर पंपाला हात लावायची गरज नाही.