निवृत्तीनंतर मॉरिशस?

आखातात नोकरी करून निवृत्तीला आलेल्या आपल्या पेडण्यातील काहीजणांच्या बोलण्यात मॉरिशसचे नाव येते. बेटाची हवा उबदार, समुद्र जवळ, आणि मराठी वस्तीही जुनी. १८३४ पासून ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. आजही तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते व शाळांतून मराठी शिकवली जाते. म्हणून या विचाराच्या दोन्ही बाजू आम्ही येथे मांडत आहोत.

पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी निवृत्तांना तेथे राहण्याचा परवाना मिळू शकतो. मात्र तो ठरावीक मुदतीचा असतो आणि त्यासाठी बाहेरून नियमित पैसा आणावा लागतो. घर हवे तेथे घेता येत नाही. ते बहुधा सरकारमान्य योजनांतूनच घ्यावे लागते. रोजची बोली क्रिओल. मराठी घरांतही आता तीच अधिक ऐकू येते. नोव्हेंबर ते एप्रिल हे वादळांचे दिवस. १९६० च्या कॅरोल चक्रीवादळाने हजारो घरे पाडली होती.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इथली काजूची बाग घाईने विकू नये. अनिवासी भारतीयाला आधीची शेतजमीन ठेवता येते, पण परदेशात असेपर्यंत रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय नवी विकत घेता येत नाही.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच: आधी जानेवारी ते मार्च तेथे भाड्याने राहून पाहावे, दवाखान्याच्या खर्चाची चौकशी करावी, आणि आजारपणात उशाशी कोण बसेल हे ठरल्यावरच निर्णय घ्यावा.