कार्ड मोखाड्याचे, काम बोईसरला. रेशन मिळेल का?

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तारापूर एमआयडीसीत परराज्यांतून कामगार येतात. रेशनकार्ड मात्र गावचे. मग धान्य मिळते का?

हो. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे कोणत्याही रास्त भाव दुकानात मिळते. नवे कार्ड लागत नाही.

किती मिळते? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून मोफत.

घरचे गावीच असतील तर? काही वाटा इथे घ्या, उरलेला घरच्यांना गावी मिळतो.

अडते कुठे? आधार जोडलेले नसेल किंवा विटा थापून झिजलेले ठसे यंत्राने ओळखले नाहीत, तर. प्राधान्य कार्डावर बाळाचे नाव चढले नसेल, तर त्याचे ५ किलो कुठेच मिळत नाहीत. म्हणून गाव सोडण्याआधी कार्डावरची नावे तपासा.