अर्ध्यातून पूर्ण

बँकेच्या नोकरीत असताना कर्जवसुलीसाठी एकदा जिवतीच्या डोंगरपठारावर गेलो होतो. कोलामांचे गुडे, मराठवाड्यातून येऊन वसलेली कुटुंबे, कापसाची वावरे. एका कर्जदाराच्या ओसरीवर त्याची मुलगी मोठमोठ्याने पाठ करीत होती, ‘हायड्रा मुकुलायनाने पुनरुत्पादन करतो.’

‘हायड्रा पाहिलास का गं?’ मी सहज विचारले.

‘तो समुद्रात राहते न, साहेब!’

मीही मान डोलावली. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर, आणि माझे अज्ञान तिच्याएवढेच!

निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा चूक कळली. पण एका वेगळ्या अर्थाने पोरीचा समुद्र अगदीच वावगा नव्हता. एका पेशीतून अख्खा जीव कसा घडतो, हे माणसाला शिकवले ते एका समुद्री प्राण्यानेच. सी अर्चिन त्याचे नाव. दिसायला अंग आक्रसून बसलेल्या सायाळीसारखा, काटेरी. त्याची अंडी शरीराबाहेर, पाण्यातच फळतात. अनेक जातींत ती इतकी पारदर्शक असतात की, आतली घडामोड सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसते.

१८९१ साली हान्स ड्रिश या जर्मन शास्त्रज्ञाने अर्चिनचे दोन पेशींचे भ्रूण हलवून त्या पेशी वेगळ्या केल्या. त्याआधी विल्हेल्म रू यांनी बेडकाच्या भ्रूणातली एक पेशी मारली, तेव्हा उरलेलीतून अर्धाच भ्रूण वाढला होता. ड्रिशचीही तीच अपेक्षा होती. झाले उलटेच. प्रत्येक पेशीतून आकाराने लहान, पण संपूर्ण डिंभ तयार झाला! एकसारखी दिसणारी जुळी भावंडे एकाच भ्रूणाचे दोन भाग होऊन जन्मतात, हे आज आपण जाणतो.

पुढे १९८२ साली टिम हंट यांना अर्चिनच्याच अंड्यांत एक प्रथिन आढळले. पेशीविभाजनाआधी ते साठते, विभाजन होताना नष्ट होते. पेशींचा हा जमाखर्च बिघडणे कर्करोगाच्या मुळाशी असते. सायक्लिन नावाच्या या प्रथिनाच्या शोधासाठी हंट यांना २००१ चे नोबेल विभागून मिळाले.

आता हायड्रा. तो गोड्या, संथ, स्वच्छ पाण्यात राहतो. लांबी जेमतेम काही मिलिमीटर. १७४० साली हॉलंडमध्ये अब्राहम ट्रेंब्ली या घरगुती शिक्षकाने तो कापला, तर दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण हायड्रा झाले! म्हणजे अर्चिनच्या भ्रूणाने जे दाखवले, ते हा वाढलेल्या वयातही करून दाखवतो. तुटलेल्या तुकड्याला कुठे तोंड फुटावे आणि कुठे पाय, हे कसे समजते? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे याच हायड्रावर काम केले.

ट्रेंब्लीजवळ प्रयोगशाळा नव्हती. होते एक भिंग, काचेची बरणी आणि शिकवणीची दोन मुले. एवढे कुठल्याही शाळेला जमण्यासारखे आहे. तळ्यातली पाणवनस्पती पाण्यासकट बरणीत घ्यावी, बरणी न हलवता ठेवावी आणि उजेडासमोर धरून पाहावे. पहिल्याच बरणीत हायड्रा सापडेल असे नाही. पण पाहायची सवय लागेल.

त्या दिवशी मी वसुलीला गेलो होतो. खरे तर त्या मुलीचेच माझ्याकडे काही देणे राहून गेले. हा लेख म्हणजे त्याचा पहिला हप्ता.